बरणीत उतरलेली माणसं

मारोतरावांच्या आईने श्वास घेतला तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते आणि अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आई वारली त्याला चार महिने झाले होते.

बायका रांधणीच्या दारापर्यंत दाटल्या होत्या, पुरुष भिंतीवर चढून बसले होते. मधोमध एक स्टूल, स्टुलावर काचेची बरणी, लोणच्याची असते तेवढी. बरणीच्या गळ्याला लाल धागा. आतलं पाणी मुगाच्या ओल्या शेंगेसारखं हिरवं झालं होतं. तळाशी म्हातारीच्या चितेतली हाडांची राख. ऊन थेट बरणीवर पडत होतं आणि काचेला आतून बारीक बुडबुडे धरले होते. त्यातला एक सुटला, डुलत डुलत वर आला आणि फुटला.

"घेतला! मायनं श्वास घेतला!" असं ओरडून मारोतरावांनी जमिनीला कपाळ टेकलं. मारोतराव पन्नाशीचे, सुताच्या दुकानाचे मालक, गल्लीत वजन असलेले गृहस्थ. ते रडले म्हटल्यावर बायकांना हुंदके आवरेनात.

स्टुलामागे सागरनाथ महाराज उभे होते. निळी छाटी, गळ्यात शंखशिंपल्यांची माळ.

"देखो माऊली! डॉक्टर काय म्हणाला? संपली. अरे, डॉक्टरला नाडी सापडते, जीव कुठे सापडतो? तुम्ही अस्थी नदीत टाकता. नदी काय करते? वाहून नेते! सागर काय करतो? सांभाळतो! तुम्ही नागपूरचे लोक. तुमच्याकडे संत्री आहेत, सागर नाही. म्हणून आम्ही साक्षात सेतुबंधाहून सागर घेऊन आलो. डब्यात भरून आणला. रेल्वेने आणला. तिकीट काढून आणला!"

"जय हो!" महाराजांचा शिष्य भैयाजी ओरडला आणि मागोमाग सगळं अंगण ओरडलं.

१९६९ सालच्या हिवाळ्यात तांडापेठेतल्या त्या एका गल्लीत अशा अकरा बरण्या होत्या. रीत साधी होती. महाराज डब्यातलं सागरजल द्यायचे आणि श्वेतविभूतीची एक पुडी द्यायचे. घरच्यांनी पाण्यात आपल्या माणसाची राख सोडायची, विभूती सोडायची, गळ्याला धागा बांधायचा आणि एकवीस दिवस थांबायचं. पाणी हिरवं झालं की माणूस परत आला. कोरं राहिलं तर घरातलंच कुणीतरी त्याची वाट अडवून बसलं आहे असं समजायचं. दहा बरण्या हिरव्या झाल्या होत्या. एक कोरी होती.

गर्दीच्या शेवटी, फाटकाच्या खांबाला टेकून नत्थूजी उभे होते. कोष्ट्याच्या घरात जन्मून माग न शिकलेला माणूस. शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं बाटल्या धुतल्या आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्याच वर्षी बायको गेली, सखूबाई. तेव्हापासून जुनी पुस्तकं वाचत एकटेच राहात. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडायची.

बुडबुडा फुटलेला त्यांनीही पाहिला होता. अंगावर काटा आला होता हेही खरं. पण त्याबरोबर नाकात एक जुना वास शिरला होता, खारट, ओलसर, नागपुरात कधी न येणारा. समुद्राचा. पाणी खरोखरच समुद्राचं होतं. आणि असा बुडबुडा आपण पूर्वी पाहिला आहे, हेही त्यांना आठवायला लागलं होतं.

ते कुणाला काही बोलले नाहीत. आपल्याला नीट आठवतं आहे की नाही, याचीच त्यांना खात्री नव्हती.

कोरी राहिलेली बरणी नत्थूजींच्या शेजारच्या घरात होती, तुळसाबाईंकडे. त्यांचा एकुलता एक मुलगा श्रावण दिवाळीनंतर तापाने गेला. अठ्ठावीस वर्षांचा, विणकामात हात इतका साफ की त्याच्या नऊवारीला बाजारात वाट पाहणारी गिऱ्हाइकं होती. मागे आई आणि बावीस वर्षांची बायको, शामला. शामलाचे आईबाप उमरेडला होते, तेही गेलेले. भावाच्या घरात तिला जागा नव्हती.

कोष्ट्यांत बाया सुताच्या कांड्या भरतात, सुताला खळ देतात, पण मागावर पुरुष बसतो. श्रावण गेला तेव्हा मागावर अर्धं लुगडं तसंच राहिलं होतं. तेराव्यानंतर शामला मागाच्या खड्ड्यात उतरली, श्रावणच्या जागी बसली आणि तिने ते पुरं केलं. नंतर दुसरं लावलं. गल्ली कुजबुजली. तुळसाबाई कुजबुजल्या नाहीत. घरात चूल त्याच मागावर पेटत होती.

बरणी आली तेव्हा तुळसाबाईंनी ती कुठे ठेवावी याचा फार विचार केला नव्हता. माग जमिनीतल्या खड्ड्यात असतो. विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पट्ट्या दाबतो. त्या खड्ड्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. श्रावण त्यात तंबाखूची पिशवी ठेवायचा. बाकीच्यांनी बरण्या अंगणात ठेवल्या, ओसरीत ठेवल्या, खिडकीत ठेवल्या. तुळसाबाईंनी पोराला त्याच्याच कोनाड्यात ठेवलं. रोज सकाळी त्या खड्ड्याच्या काठाशी वाकत, बरणीसमोर भाकरीचा तुकडा ठेवत आणि म्हणत, "बापू, ये ना गा आता."

बाराव्या दिवशी महाराज घरी आले. भैयाजीने खड्ड्यात हात घालून बरणी वर काढली. पाणी नळाच्या पाण्यासारखं कोरं होतं. राख तळाशी निपचित पडली होती.

महाराजांनी डोळे मिटले, नाकातून एक लांब सूर काढला आणि मागाकडे बोट केलं.

"या जागेवर कोण बसतं?"

दारातल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "सून बसते त्याची."

"बघा! पोरगा येतो, दाराशी येतो, जागेकडे बघतो. जागा भरलेली! मग तो कुठे बसेल, माऊली? तुमच्या डोक्यावर? नवऱ्याच्या जागेवर बायको बसली. नवरा बाहेर!"

"मंग आता?" तुळसाबाईंनी विचारलं.

"नऊ दिवस उरलेत. तिला त्या जागेवर बसू देऊ नका. तरी पाणी फिरलं नाही तर एकविसाव्या दिवशी ही आमच्याबरोबर आश्रमात येईल. सेवा करील. दोष तिच्या अंगात आहे, तो तिथेच उतरेल."

"किती दिवसासाठी?" शामलाने विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली होती.

भैयाजी हसला. "सेवेला दिवस नसतात, बाई."

हे सगळं नत्थूजींनी मधल्या भिंतीपलीकडून ऐकलं. बराच वेळ ते हातातलं पुस्तक नुसतं धरून बसले. मग त्यांना ते सगळं आठवलं, एकदम आणि स्पष्ट.

तिशीत असताना कॉलेजच्या साहेबांबरोबर ते दोन हिवाळे कोकणात गेले होते, समुद्रकाठी. साहेब समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यास करत. डोळ्यांना न दिसणारं, कणाकणाचं शेवाळ, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही असायचं. नत्थूजी समुद्राचं पाणी बाटल्यांत भरत. काही बाटल्या उघड्या उन्हात, काहींना काळं कापड गुंडाळलेलं. काहींत चिमूटभर क्षार टाकलेले, काहींत काहीच नाही. आठवड्याने त्यातल्या काहीच बाटल्या हिरव्या व्हायच्या. साहेब म्हणायचे, "नत्थू, याला दोनच गोष्टी लागतात, ऊन आणि अन्न. जे कमी पडलं, तिथेच ते थांबतं. दुसरं कितीही दे."

दुसऱ्या दिवशी तुळसाबाई देवळात गेल्या तेव्हा नत्थूजी शेजारच्या अंगणात गेले. शामला चाकावर कांड्या भरत होती. ते तिच्याकडे न बघता बोलले.

"पोरी, ते बरनी खड्ड्यातून काढ. आंगनात ठेव, उन्हात. आठ दिवसांत हिरवी होईल. कोनाले काही सांगू नको."

चाक थांबलं. "पक्की होईल?"

"पक्की."

"काहून होईल?"

त्यांनी सांगितलं. अडखळत, मागचं पुढे करत. उन्हाचं, राखेचं, कोकणातल्या बाटल्यांचं. बुडबुड्याचंही सांगितलं. हिरवं शेवाळ उन्हात हवा सोडतं, ऊन गेलं की थांबतं. शामला ऐकत राहिली.

"म्हंजे मारोतरावजीची माय त्या बरनीत नाही?"

"शेवाळ हाये, पोरी."

"आन हे?" तिने मागाच्या खोलीकडे नजर टाकली. श्रावणचं नाव ती घेत नसे.

नत्थूजींनी नकारार्थी मान हलवली.

शामलाने हातातला धागा तोडला. "मंग मी नाही ठेवत उन्हात."

"अवं पन..."

"काकाजी, बरनी हिरवी झाली त त्या बाबाचंच खरं झालं ना? आज मी सुटली. उद्या दुसऱ्या घरची सून सापडन. आन आई जनमभर त्या बरनीले भाकर वाढतीन, मी बाजूले बसून पाहू?" तिने तुटलेला धागा बाजूला टाकला. "मले वाचवाचं असन त खरं सांगून वाचवा."

"माहं कोन ऐकते, पोरी? मी त बाटल्या धुवाले होतो."

"धुतल्या ना? मंग तुमाले माहीत हाये."

तिने पुन्हा चाक फिरवायला घेतलं. नत्थूजी घरी आले. त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. बोलायचं तर चारशे डोळे आपल्याकडे बघणार, हे एकच त्यांच्या डोक्यात होतं. पण सकाळी ते महाराजांपुढे रांगेत उभे राहिले आणि सखूबाईच्या नावाने सागरजल आणि विभूतीची पुडी घेऊन आले. तिचं नाव अशा कामाला वापरल्याबद्दल वाटेत त्यांनी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

मग खाटकाकडून बोकडाची हाडं आणली, परसात जाळली, राख कुटली. तीन बाटल्या घासूनपुसून स्वच्छ केल्या. हे काम मात्र त्यांचे हात विसरले नव्हते. तिन्हींत समुद्राचं पाणी भरलं. पहिलीत राख आणि विभूतीची चिमूट. दुसरीत तीच राख, तीच चिमूट, पण वरून जुन्या छत्रीचं काळं कापड गुंडाळून शिवून टाकलं. तिसरीत नुसतंच पाणी. तिन्ही दक्षिणेकडच्या खिडकीत ओळीने ठेवल्या.

चार दिवस काहीच झालं नाही. नत्थूजी दर तासाला जाऊन बघत. आपण चुकलो आहोत, कोकणातलं कोकणातच राहिलं, इथे भलतंच काही असेल, असं त्यांना वाटू लागलं. शेजारी माग बंद होता. भिंतीतून तुळसाबाईंचं "ये ना गा आता" तेवढं ऐकू येई. पाचव्या दिवशी पहिल्या बाटलीतल्या पाण्यावर एक अगदी फिकट सावली दिसली, हिरवी म्हणायलाही भीती वाटावी इतकी फिकट. सहाव्या दिवशी ती हिरवी होती.

सातव्या दिवशी दुपारी ते एकटेच खिडकीशी बसले होते. गल्ली जेवून आडवी झाली होती, कुठे आवाज नव्हता. ऊन बाटलीतून आरपार जाऊन जमिनीवर एक हिरवा डाग हलत होता. काचेला बुडबुडे धरले होते. एक सुटला आणि वर आला. मग दुसरा. कुणीतरी पाण्याखालून अगदी हळू काही सांगत असावं तसं.

"सखू?" नत्थूजी म्हणाले.

स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकले. ती हाडं त्यांनी स्वतः आणली होती, स्वतः जाळली होती. बाटलीत काय आहे हे जगात त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरी हाक गेली होती, आणि त्यानंतरचा एक क्षण ते उत्तराची वाट बघत थांबलेही होते. मारोतरावांच्या अंगणातल्या लोकांना ते मनातून हसले होते, त्याची त्यांना लाज वाटली.

एकविसाव्या दिवशी सकाळपासूनच तुळसाबाईंच्या अंगणात लोक जमले. मारोतराव पुढे होते. शामलाचं गाठोडं कुणीतरी आधीच दाराशी आणून ठेवलं होतं. ती भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्याशेजारी कोणी उभं नव्हतं.

भैयाजीने खड्ड्यातून बरणी काढली. पाणी कोरं.

"नऊ दिवस दिले!" महाराज गरजले. "आम्ही सागराला थांबवून धरलं. सागर म्हणतो, बाबा, किती थांबू? पोरगा अजून दाराशी रडतो. आईने ठरवावं, पोरगा पाहिजे की सून?"

तुळसाबाईंनी शामलाकडे पाहिलं, मग बरणीकडे.

"महाराज," मागून कुणीतरी म्हणालं.

लोकांनी वळून पाहिलं. नत्थूजी कापडी पिशवी छातीशी धरून उभे होते. घाम कपाळावरून चष्म्यावर आला होता.

"माही एक बाटली पाहाल का?"

"अरे, ये, ये! तुझ्या गृहलक्ष्मीसाठी नेलं होतंस ना सागरजल?" महाराजांनी हिरवी बाटली उन्हात धरली. चेहरा उजळला. "वा! बघा, याला म्हणतात ओढ लागणं! पतिव्रता माऊली. एका हाकेला आली. ती म्हणते आहे, मला हिरवं लुगडं पाहिजे. आणि धनी, म्हणते, तुम्ही जेवणाची हयगय करता."

"सखूबाई तशीच बोले!" रंभाबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्या गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर, आणि सगळ्यात तोंडाळ.

"तिच्या अस्थी मी चार वर्सामागंच कन्हान नदीत सोडल्या," नत्थूजी म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना दोनदा सुरू करावं लागलं. "यात... यात बोकड हाये, महाराज. खाटकाकडचा."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग भिंतीवर बसलेल्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं.

"बोकडालाही आत्मा असतो!" महाराज पटकन म्हणाले.

"असन ना महाराज," रंभाबाई पदर खाली घेत म्हणाल्या. "पन तो लुगडं काहून मागन वं माय?"

अंगणभर हशा पिकला. मारोतराव हसले नाहीत. "नत्थूजी, मस्करी करून राह्यले का तुम्ही? इथं मानसाचा जीव अडकला हाये."

"मस्करी नाही, मारोतरावजी. म्हनून त आलो."

त्यांनी दुसरी बाटली काढली आणि मारोतरावांच्याच हातात दिली. सोबत कात्रीही दिली. "तुम्हीच उसवा."

मारोतरावांनी काळं कापड उसवलं. आत पाणी कोरं होतं.

"हा बी तोच बोकड. तेच हाड, तेच पानी, तेच विभूतीची चिमूट. अर्धी राख यात टाकली, अर्धी त्यात. तो हिरवा झाला, हा नाही. आता सांगा, अर्धा बोकड खुश आन अर्धा नाराज, असं राह्यते का? फरक एकच हाये. त्याले ऊन भेटलं, याले नाही." मग त्यांनी तिसरी काढली. "याले ऊन भेटलं, पन यात राख नाही, विभूती नाही. हे बी कोरं."

लोक पुढे सरकले. बाटल्या हातोहाती फिरू लागल्या. आता नत्थूजींचे शब्द थोडे मोकळे झाले.

"समुद्राच्या पान्यात शेवाळ असते. बारीक, डोयाले न दिसनारं. त्याले वाढाले दोन गोष्टी पाहिजे. आपल्याकडं कसं, उभा ताना लागते आन आडवा बाना लागते. नुसता ताना लावून बसलं त कापड होते का? नाही. बाना संपला तिथं कापड थांबते. तसं ऊन म्हंजे ताना आन खाद म्हंजे बाना. हाडाच्या राखंत एक खाद हाये. दुसरं या पुडीत."

"विभूतीला खाद म्हणतोस, नास्तिका?" महाराजांनी पुडीकडे झेप घेतली, पण ती रंभाबाईंनी आधीच उचलली होती.

"चुना हाये का तुमच्यापाशी?" नत्थूजींनी विचारलं.

"चुन्याबिगर माहा दिस उगवते का?" रंभाबाईंनी कमरेची डबी काढली. नत्थूजींनी सांगितलं तसं त्यांनी तळहातावर विभूती घेतली, चुना घेतला, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि अंगठ्याने तंबाखूसारखं मळलं. मग हात नाकाशी नेला आणि डोकं मागे झटकलं.

"अवं माय! गोठ्यातला वास हो! नाक झोंबलं!"

पाच-सात जणांनी हुंगून पाहिलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चुलीतली राख चुन्यात मळून पाहा, असा वास येत नाही," नत्थूजी म्हणाले. "हे शेतात टाकाचं पांढरं खत हाये. अमोनियम सल्फेट. पोत्यानं भेटते. धानाले टाका, धान वाढते. शेवाळाले टाका, शेवाळ वाढते."

महाराजांचा आवाज चढला. मग शाप आले, सागर कोपेल, गल्ली बुडेल. "नागपुरात?" कुणीतरी विचारलं. पण नत्थूजी महाराजांकडे बघत नव्हते. ते तुळसाबाईंकडे बघत होते. त्या खाली बसल्या होत्या आणि श्रावणची बरणी त्यांनी मांडीवर घेतली होती.

"मंग माहा बापू काहून नाही आला, नत्थूजी? बाकीच्यायचं शेवाळ आलं, माह्या पोराचं शेवाळ बी नाही आलं?"

नत्थूजी त्यांना मागाच्या खोलीत खड्ड्याशी घेऊन गेले. "बाई, इथं वाका. कोनाड्यात पाहा."

तुळसाबाई वाकल्या. छपरातल्या एकाच काचेच्या कौलातून येणारा उजेड मागावरच्या कापडापर्यंत येत होता आणि तिथेच संपत होता. खाली खड्ड्यात काळोख होता.

"तुम्ही त्याले त्याच्या जागी ठेवलं. मायनं दुसरं काय करावं? पन तिथं ऊन नाही. एवढीच गोष्ट हाये. शामलाच्या बसन्या-उठन्यानं काही झालं नाही. या महाराजाले खताचं माहीत होतं, उन्हाचं नव्हतं. त्याले अर्धंच येत होतं, आन जे अर्धं येत नव्हतं त्याचा दोष त्यानं पोरीवर टाकला."

"मंग मी येवढे दिवस कोनाले बोलावून राह्यली होती?"

नत्थूजींनी चष्मा काढला. जे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"मी बी बोलावलं, बाई. माह्या हातानं बोकड जाळला मी. मले सगळं माहीत होतं. तरी काल बुडबुडा आला आन मी म्हनलं, सखू? असं मनातून येते. ते आपलं हाये, खरं हाये. पन पान्यानं काही म्हनलं नाही. आपनच म्हनलं."

यावर कुणी हसलं नाही. मारोतरावांनी मान खाली घातली. तुळसाबाई बरणी बाजूला ठेवून उठल्या, दाराशी गेल्या, गाठोडं उचललं आणि घरात नेऊन ठेवलं. बाहेर येऊन शामलाला म्हणाल्या, "भर उन्हात उभी काहून हायेस वं? आत चाल. सकाळपासून पोटात काही नाही तुह्या."

शामला आत गेली. लोकांनी वाट दिली.

महाराज दुपारपर्यंत डबे आवरून निघाले. जाताना तिघी-चौघींनी तरी त्यांचे पाय धरलेच. सगळ्या बरण्याही काही त्या दिवशी रिकाम्या झाल्या नाहीत. मारोतरावांनी आपली तशीच ठेवली आणि नत्थूजींनी त्यांना एका शब्दाने विचारलं नाही.

महिन्याभराने एका संध्याकाळी मारोतराव बरणी धोतराच्या सोग्याखाली झाकून नत्थूजींकडे आले. आतलं पाणी पिवळं पडलं होतं, तळाशी तपकिरी गाळ साचला होता आणि झाकण काढताच कुजका वास आला. शेवाळाचं अन्न संपलं होतं.

मारोतराव खाली मान घालून म्हणाले, "माही माय पुन्हा मेली का गा, नत्थूजी?"

नत्थूजींनी त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं.

"माय एकदाच मरते, मारोतरावजी. तुम्ही तेव्हा रडले, सगळ्यायनं पाह्यलं. ते पुरे हाये. हे शेवाळ हाये, खाद संपलं, मेलं. महाराज इथं असता त म्हनला असता, माय रागावली, घरातल्या कोनाचा तरी दोष हाये. मंग तुम्ही आपल्या सुनेकडं पाह्यलं असतं."

मारोतरावांनी हळूच होकारार्थी मान हलवली. पाह्यलं असतं.

"राख गाळून घ्या, उद्या कन्हानात सोडून येऊ. मी येतो सोबत," नत्थूजी म्हणाले. "आन यापुढं कोनी म्हनलं का मेलेलं मानूस असं करते, तसं करते, त त्याले इचारा, काहून? उन्हात ठेवून पाहा, अंधारात ठेवून पाहा, घालून पाहा, काढून पाहा. मले काही येत नाही, मी फक्त तेवढंच शिकलो. पाह्यल्याबिगर कोनत्या जित्या मानसाले घराबाहेर काढू नका."